महाराजांची गाठ आणि खवलेबाईंचं अर्धं औषध

एका जंगलात गाठींच्या डॉक्टरीणबाई राहत होत्या. गाठी म्हणजे दोऱ्याच्या नव्हेत, मुलांनो. अंगावर उठतात त्या. बाईंचं नाव इंदुमती खवले. जातीनं खवल्या मांजर. जात म्हणजे प्राण्याची जात. जंगलात दुसरी कुठली जात नसते, निदान पुस्तकात तसं लिहितात.

खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे. अंगभर खवले, लांबट तोंड, दात एकही नाही. ते मागच्या दोन पायांवर चालतं आणि पुढचे पंजे छातीशी धरतं. लग्नात मुलीकडची मंडळी उभी असतात ना, तसं. आणि घाबरलं की अंगाचा गोळा करतं. मग तो गोळा वाघालाही उलगडत नाही.

खवलेबाईंनी टेकाडावरचं एक मोठं वारूळ पसंत केलं होतं. आधी त्यांनी त्यातली वाळवी खाल्ली. मग त्यात प्रयोगशाळा काढली. आत गारवा होता. ओल होती. वाळवीनं लावलेली आळंबीची पांढरी बाग मागे राहिली होती. बाईंनी ती मोडली नाही. असू दे, कधीतरी उपयोग होईल, असं त्या म्हणाल्या. संशोधन करणारे लोक असंच म्हणतात आणि घरभर पसारा करतात.

वारुळाच्या तोंडाशी कोळ्याचा एक धागा ताणलेला असे. त्यावर पहाटे दवाचा थेंब धरे. त्या थेंबातून पाहिलं की बारीक गोष्ट मोठी दिसे. गाठीचा एक कण थेंबामागे धरायचा आणि बघत बसायचं, हे बाईंचं काम. ऊन चढलं की थेंब उडून जाई. मग प्रयोगशाळा बंद.

बघून बघून बाईंना काही गोष्टी कळल्या होत्या. शरीर म्हणजे पेशींची वस्ती. प्रत्येकीला काम नेमून दिलेलं. वेळ झाली की जुनीनं मरायचं आणि नवीला जागा द्यायची. एखादी पेशी मरायचं विसरते. तिच्या लेकी विसरतात. नाती विसरतात. नात्यागोत्यातली प्रत्येक जण आधीचीपेक्षा थोडी निराळी निघते. अशा विसराळू घराण्याची वस्ती वाढत गेली, की तिला गाठ म्हणायचं.

पण याहून मोठी गोष्ट त्यांना सर्जेराव गव्यामुळे कळली.

सर्जेरावांच्या खांद्यावर गाठ उठली होती. बाईंनी त्यांना दरीतल्या जहरवेलीचा रस दिला. गाठ वितळत वितळत गेली. पार नाहीशी होईपर्यंत बाईंनी रस चालू ठेवला. सर्जेराव इतके खूश झाले, की त्यांनी आनंदाच्या भरात सागाची रोपटी उपटली. पुढच्या हंगामात गाठ परत आली. बाईंनी परत तोच रस दिला. या वेळी तो पाण्यासारखा वाहून गेला, गाठीला काही झालं नाही. शेवटी सर्जेराव अर्जुनाच्या झाडाखाली बसून राहिले आणि त्यांनी बाईंना विचारलं, "बाई, माझं चुकलं कुठं?"

सर्जेराव गेले. प्रश्न राहिला.

बाईंनी पहिल्या गाठीचा कण मधात जपून ठेवला होता. दुसऱ्या गाठीचाही ठेवला. मग रोज पहाटे दोन्ही कण शेजारी धरून त्या बघू लागल्या. दुसऱ्या गाठीत सगळ्या पेशी जाड कातडीच्या होत्या. रस त्यांच्या आत शिरतच नव्हता. पहिल्या गाठीत बहुतेक पेशी मऊ होत्या. पण बघत राहिल्यावर त्यांच्यातही जाड कातडीच्या चार-दोन दिसल्या. कोपऱ्यात, दाटीवाटीत, कशाबशा उभ्या. म्हणजे औषधानं त्या तयार केल्या नव्हत्या. त्या पहिल्यापासूनच होत्या. औषधानं त्यांना मैदान मोकळं करून दिलं होतं.

त्या दिवशी बाई कुरणाकडे गेल्या. गुरांनी मऊ गवत खाऊन फस्त केलं होतं. मागे घाणेरी माजली होती. गवत होतं तोवर घाणेरीला पाय पसरायला जागा नव्हती. बाई बराच वेळ त्या घाणेरीकडे बघत उभ्या राहिल्या. मुंग्या पायावरून गेल्या तरी त्यांनी खाल्ल्या नाहीत.

मग त्यांनी नवा प्रयोग मांडला. औषध द्यायचं, पण गाठ निम्मी झाली की थांबायचं. थोडं मऊ गवत राहू द्यायचं. ते वाढेल, आणि वाढताना जाड कातडीच्या पेशींना दाबून धरेल. फार वाढलं की पुन्हा औषध. पुन्हा थांबायचं. गाठ जायची नाही. पण रोगी पण जायचा नाही.

वेणू नावाच्या एका भेकरीला हा उपाय लागू पडला. एका रानकोंबड्याला पडला नाही. का नाही, ते बाईंना कळलं नाही. कळलं नाही, असं त्या चारचौघांत सांगतही. त्यामुळे त्यांची प्रॅक्टिस बेताचीच होती.

आता महाराजांकडे वळू.

जंगलाचे राजे प्रचंडराव वाघ. त्यांची डरकाळी झाली की दरीतली माकडं झाडावरून खाली पडत. तर या प्रचंडरावांच्या जबड्याखाली एक गाठ आली. आधी आवळ्याएवढी, मग उंबराचा घोस असावा एवढी.

दरबारात ती कोणालाच दिसली नाही. दिसली म्हणावं तर राजद्रोह. नाही म्हणावं तर दृष्टिदोष. म्हणून सगळे महाराजांच्या शेपटीकडे बघून बोलू लागले. प्रधान होते हसमुखराव तरस. त्यांनी जाहीर केलं, की ही गाठ नसून राजतेज आहे आणि ते एका जागी गोळा झालं आहे. दुसऱ्याच दिवशी काही उत्साही दरबारी गालाला ओल्या मातीचे गोळे लावून आले.

राणीसाहेबांचं नाव सोनकी. त्या वाघीण होत्या आणि महाराजांच्या शेजारी झोपत होत्या. राजतेज दुखल्यावर महाराज कण्हतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खवलेबाईंना बोलावणं पाठवलं.

बाई दरबारात आल्या. महाराजांनी स्वागतादाखल डरकाळी फोडली. बाईंचा गोळा झाला. मग बराच वेळ महाराजांना गोळ्याशी बोलावं लागलं. पेशींची वस्ती, विसराळू घराणं, सगळं बाईंनी गोळ्याच्या आतूनच समजावून सांगितलं.

म्हणजे हा शत्रूच, असं ठरवल्यावर महाराजांना बरं वाटलं. शत्रू त्यांच्या ओळखीचा विषय होता. तो कुठून आला, असं त्यांनी विचारलं.

"बाहेरून आलेला नाही, महाराज," गोळा म्हणाला. "आपल्याच अंगातला आहे. मरायची वेळ झाली तेव्हा मेला नाही, एवढंच त्याचं झालं."

हे हसमुखरावांना पसंत पडलं नाही. शत्रू बाहेरचा असला की कामं सोपी होतात. यात शेजारच्या जंगलाचा हात असू शकेल का, असं त्यांनी बाईंना हळूच विचारलं. बाई नाही म्हणाल्या. तरी संध्याकाळी जंगलभर दवंडी फिरली, की शेजारच्या जंगलाचा हात आहे किंवा काय याची चौकशी सुरू आहे.

जहरवेलीचा रस सुरू झाला. महाराजांनी तोंड वाकडं केलं, पण घेतला. गाठ उतरू लागली. दरबाऱ्यांनी आपापले मातीचे गोळे लहान केले. गाठ निम्मी झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, की आता थांबावं.

महाराजांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. बाईंनी पुन्हा सांगितलं. सर्जेरावांचं सांगितलं. कुरणातल्या घाणेरीचं सांगितलं. वेणूचं सांगितलं. खरेपणानं रानकोंबड्याचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं त्यांना नंतर वाटलं. पण न सांगणंही त्यांना जमलं नसतं.

हसमुखरावांनी दरबारासाठी सारांश काढला. बाईंचं म्हणणं असं, ते म्हणाले, की शत्रूचे थोडे सैनिक आपण घरी पाळावेत आणि त्यांना खाऊपिऊ घालावं. सगळा दरबार हसला. हसमुखराव सगळ्यांत जास्त हसले. अर्थात त्यांचं हसणं जन्मजात होतं, त्यात मत असतंच असं नाही.

महाराज हसले नाहीत. "वाघ अर्धी शिकार टाकून येत नाही, बाई," ते म्हणाले.

त्यांनी रस चालू ठेवला. दुप्पट केला. गाठ गेली. जबड्याखाली हात फिरवला तर नुसती मऊ फर लागे. बाईंनी तपासलं. त्यांनाही काही सापडलं नाही. आपलं चुकलं असावं, असं त्यांना वाटलं. मनापासून वाटलं. आपलं चुकावं, ही डॉक्टरांची एक विचित्र इच्छा असते. ती फार वेळा पुरी होत नाही.

मग मोठा सोहळा झाला. हसमुखरावांनी जंगल गाठमुक्त झाल्याची घोषणा केली. फक्त महाराज नव्हे, अख्खं जंगल. मोरांनी नाच केला. खवलेबाईंना केळीच्या पानाची शाल आणि नारळ देऊन गौरवण्यात आलं. नारळ हातात असतानाच त्यांना सांगण्यात आलं, की रोगच उरला नसल्यानं प्रयोगशाळेची गरज उरलेली नाही. वारुळाचं विजयस्मारक होणार आहे. आपल्या भाषेत नारळ देणे याचे दोन अर्थ होतात, मुलांनो. बाईंना दोन्ही नारळ एकाच समारंभात मिळाले.

वारुळाला तांबडी माती लिंपली. दार बुजवलं. वर महाराजांच्या पंजाचा ठसा उमटवला. बाईंनी आळंबीच्या बागेबद्दल काही बोलायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात कोल्ह्यांचं समूहगीत सुरू झालं.

बाई ओढ्यापलीकडे ऐनाच्या झाडाच्या एका ढोलीत राहायला गेल्या. वेणू भेकरी तिथंही यायची. पण आता आडवाटेनं, आणि मानेवर वेलींचा हार घालून. जंगल गाठमुक्त असताना गाठ असणं म्हणजे जंगलाची बदनामी, असं ठरलं होतं. त्यामुळे सशांच्या गाठी बिळात गेल्या. सांबरांच्या गाठी झुडपात गेल्या. दवंडीतले आकडे फार सुंदर होते. रोगी कुठेच सापडत नव्हता.

बाईंनी ढोलीच्या तोंडाशी नवा धागा ताणून घेतला आणि त्या पुन्हा बघायला बसल्या.

असं बरंच चाललं. मग एका सकाळी ढोलीबाहेर स्वतः सोनकीराणी उभ्या होत्या. बाईंचा पुन्हा गोळा व्हायला लागला होता, पण राणीसाहेबांचा चेहरा बघून त्या अर्ध्यातच थांबल्या.

गाठ परत आली होती. बेलफळाएवढी. दुसरी एक डाव्या काखेत. महाराजांना त्या बाजूनं चावता येत नव्हतं. जहरवेलीचा रस हंडा हंडा पिऊन झाला होता. त्याचा काही उपयोग नव्हता. आणि हसमुखरावांचं म्हणणं, की जंगल गाठमुक्त असल्यामुळे हे शक्यच नाही. महाराजांनी गाठ झाकायला पळसाच्या पानांचं उपरणं घ्यायला सुरुवात केली होती. ती नवी राजेशाही पद्धत समजून दरबारात सगळ्यांनी उपरणी घेतली होती.

"म्हणजे महाराज आजारी नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाहीत," राणी म्हणाल्या.

"आणि आपण इथं आला आहात."

"मी आलेले नाही, बाई. तुम्ही पण माझ्याबरोबर येणार नाही आहात. पण लवकर चला."

राजवाड्यात गाठींचा डॉक्टर दिसला असता, तर घोषणा खोटी पडली असती. त्यावर राणीसाहेबांनी तोड काढली होती. बाईंनी गोळा करायचा. त्यांना टोपलीत फणसाच्या पानांवर ठेवायचं. माहेरहून फणस आला, असं सांगायचं. खवल्या मांजराचा गोळा आणि फणस यांत फरक करायला थोडी बुद्धी लागते, आणि राजवाड्याच्या दारावर तेवढी कधी ठेवत नाहीत.

दारावर त्या दिवशी खुद्द हसमुखराव होते. त्यांनी टोपलीत वाकून बघितलं. फणसाला टिचकी मारली. वास घेतला. आत बाईंनी श्वास धरला. अजून कच्चा आहे, पेंढ्यात ठेवा, असं सांगून हसमुखराव हसत पुढे गेले.

महाराज आतल्या गुहेत एकटे होते. उपरणं बाजूला पडलं होतं. बाई उलगडल्या आणि त्यांनी पाहिलं, की प्रचंडराव फार लहान दिसताहेत. दरबारात त्यांच्या मागे उंच खडक असे, त्याचा हा परिणाम असेल. किंवा नसेल.

त्यांनी गाठ चाचपली. कण काढला. राणीसाहेबांनी पहाटेचं दव एका कमळाच्या पानात जपून आणलं होतं. त्यातला थेंब धाग्यावर सोडून बाईंनी पाहिलं. जाड कातडी. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

औषध बनावट निघालं, महाराज म्हणाले. त्यांना कोणावर तरी रागवायचं होतं.

"औषध तेच आहे, महाराज. त्यानं मरणाऱ्या पेशी मेल्या. न मरणाऱ्या उरल्या. त्यांनी रिकाम्या जागेत संसार थाटले."

महाराजांनी पडलेलं उपरणं पंजानं आणखी दूर सारलं. मग ते दरबाराबद्दल बोलू लागले. पूर्वी आपण डरकाळी फोडली की सगळा दरबार थरथरायचा, ते म्हणाले. घाबरणारे एकेक करून निघून गेले. त्यांत काही चांगले होते. एक म्हातारं सांबर होतं, ते सल्ला बरा द्यायचं. आता डरकाळीनं ज्यांना काही होत नाही, तेवढेच उरले आहेत.

"हसमुखरावांची तब्येत उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

महाराज हसले. गाठ दुखली, म्हणून अर्धंच हसले.

आता उपाय काय, ते राणीसाहेबांनी विचारलं. बाईंनी सांगितलं ते असं. वारुळातल्या आळंबीचा रस त्यांनी जाड कातडीच्या पेशींवर टाकून पाहिला होता. थेंबाखाली पेशी आक्रसल्या होत्या. जित्याजागत्या प्राण्याला तो रस अजून दिलेला नव्हता. द्यायच्या आधीच नारळ मिळाला होता. गुण येईल असं त्या सांगणार नव्हत्या. येऊ शकेल, एवढंच. आणि आला, तर या वेळी निम्म्यावर थांबायचं.

आळंबी आता तांबड्या मातीच्या लिंपणाखाली होती. जिवंत असली तर. आणि परवा विजयदिनाचा वार्षिक सोहळा होता, त्याच स्मारकापुढे.

महाराजांना वाटलं, गुपचूप मागच्या बाजूनं बीळ पाडून घ्यावं. बाईंनी मान हलवली. आळंबी एकदा काढून भागणार नव्हतं. ती वाढवायला हवी होती, हंगामामागून हंगाम. वारूळ उघडं हवं होतं. शिवाय ओढ्यापलीकडे झुडपाझुडपांत रोगी बसून होते, त्यांनाही ती हवी होती.

"आणि फणस बारा महिने येत नाही, महाराज," बाई म्हणाल्या.

महाराजांचा आवाज खाली गेला. "राजानं सगळ्यांसमोर सांगायचं, की आम्हाला गाठ आहे?"

"आहेच ती," सोनकीराणी म्हणाल्या.

यावर महाराजांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग गोळा केला आणि त्या टोपलीतून परत गेल्या. काय ठरलं, ते त्यांना कळलं नाही.

विजयदिनी सगळं जंगल टेकाडावर जमलं. बाई करवंदीच्या जाळीमागे उभ्या राहिल्या. वेणू भेकरी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं हार नेहमीपेक्षा जाड घातला होता. हसमुखरावांनी भाषण केलं. गाठमुक्तीचे लाभ सांगितले. शेजारच्या जंगलाची चौकशी अंतिम टप्प्यात असल्याचं सांगितलं. मग महाराजांना स्मारकाला हार घालायची विनंती केली.

महाराज उठले. हार त्यांनी घेतला नाही. स्मारकापुढे उभे राहून त्यांनी खांदा झटकला. पानांचं उपरणं खाली पडलं. सकाळचं ऊन थेट गाठीवर आलं.

कोणालाही कळेना, की कुठं बघावं. सवयीनं काहीजण शेपटीकडे बघू लागले.

"ही गाठ आहे," महाराज म्हणाले. डरकाळी नव्हती. साधा आवाज होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "परत आली आहे."

एवढंच बोलून त्यांनी पंजा उचलला आणि स्मारकावर मारला. लिंपणाचा टवका उडाला. त्यांचाच ठसा होता तो. दुसऱ्यांदा मारला तेव्हा काखेतल्या गाठीतून कळ निघाली आणि महाराज गुडघ्यावर आले. पुढे यायचं धाडस कोणाला होईना. महाराजांना हात द्यायचा, तर ते पडले होते हे दिसलं असं झालं असतं.

मग जाळीमागून वेणू निघाली. तिच्या पायांचे खूर खडकावर वाजत होते. स्मारकापाशी जाऊन तिनं हार काढून टाकला. "माझ्या मानेला आहे," ती म्हणाली, कोणाला उद्देशून नव्हे. आणि ती खुरानं माती उकरू लागली. एक सांबर आलं. त्याच्या पोटाखाली होती. दोन ससे आले. एक साळिंदर आलं. गाठमुक्त जंगलात इतक्या गाठी निघाल्या, की मोजणाऱ्यानं मोजणं सोडून दिलं.

खुरांनी वारूळ फुटत नसतं, मुलांनो. ते बाईंना बघवेना. त्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. महाराज समोर होते, हसमुखराव शेजारी होते, अख्खं जंगल बघत होतं. बाईंच्या पाठीचे खवले भीतीनं खडखड वाजत होते. पण वारूळ फोडणं हे काम देवानं खवल्या मांजरासाठी राखून ठेवलं आहे. त्यांनी नख्या रोवल्या, आणि बघता बघता भिंत आत कोसळली.

आतली बाग वाळून भुगा झाली होती. बाई कोपरा न् कोपरा हुंगत गेल्या. शेवटच्या कपारीत, जिथं दगडातून पाझर होता, तिथं नखाएवढं पांढरं काहीतरी ओलं होतं. त्यांनी ते दोन पंजांत धरलं. बाहेर आल्यावर त्यांनी पंजे पुढे केले. सोनकीराणींनी त्यांच्या पंजात पाहिलं आणि त्या महाराजांना म्हणाल्या, की आहे.

हसमुखराव तोवर सावरले होते. आळंबी लागवडीचा शुभारंभ महाराजांच्या हस्ते संपन्न झाला, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

आळंबी वाढायला वेळ लागला. तोवर महाराज पातळ रस्स्यावर राहिले. मग नवा रस सुरू झाला. गाठ लगेच काही उतरली नाही. बाई रोज पहाटे थेंबासमोर बसत आणि रोज आपल्याला काही दिसत नाही म्हणून सांगत. नंतर एकदा त्यांनी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं. गाठ हलली होती. पुढे ती निम्मी झाली आणि बाई म्हणाल्या, की आता थांबावं.

महाराजांनी तोंड उघडलं. सोनकीराणींनी त्यांच्याकडे पाहिलं. महाराजांनी तोंड मिटलं आणि रसाचा हंडा स्वतःच्या पंजानं दूर सारला. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. शिकार समोर असताना पाठ फिरवणं वाघाला किती जड जातं, ते वाघालाच माहीत.

पुढे हेच चालू राहिलं. गाठ वाढायची. रस सुरू. गाठ उतरायची. रस बंद. जंगलात याला कोणी विजय म्हटलं नाही. घोषणा करावी असं काही घडतच नव्हतं. महाराज पाण्यावर जात होते, दुपारी घोरत होते, राणीसाहेबांशी भांडत होते आणि हरत होते. वेणूला दोन पाडसं झाली. पोटाखाली गाठ असलेल्या त्या सांबराला मात्र आळंबीही लागू पडली नाही. ते गेलं. बाईंनी त्याच्या गाठीचा कण मधात ठेवला आणि नवा धागा ताणला.

एकदा तपासून झाल्यावर महाराजांनी विचारलं, "ही जाणार नाही ना, बाई?"

"नाही, महाराज."

"मग आम्ही जिंकलो म्हणायचं की हरलो?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "अजून चालू आहे, महाराज," त्या म्हणाल्या.

प्रचंडराव पुष्कळ जगले. इतके, की त्यांचे दात पडले आणि बिनदातांच्या बाईंना ते आपल्या जातभगिनी म्हणू लागले. एका दुपारी ते जांभळाच्या सावलीत झोपले आणि उठले नाहीत. बाईंनी तपासलं. गाठ आवळ्याएवढी होती. ती मारायला पुरणारी नव्हती. म्हातारपण पुरलं होतं.

मोठी अंत्ययात्रा निघाली. महाराज अखेरपर्यंत शत्रूशी निकरानं लढले, असं हसमुखराव म्हणाले. लढताना दर वेळी ते निम्म्यावर थांबत, हे त्यांनी सांगितलं नाही. गर्दी पांगल्यावर सोनकीराणी बाईंजवळ आल्या. महाराज सांगून गेलेत, त्या म्हणाल्या, की गाठ तुम्ही ठेवून घ्या. बघा काय म्हणते ती.

बाईंनी मान लववली. दुसऱ्या दिवशी पहाटे धाग्यावर दव धरलं होतं. त्यांनी कण थेंबामागे धरला. मऊ पेशी होत्या. जाड कातडीच्या होत्या. आणि मधेच तिसऱ्याच कसल्यातरी होत्या, ज्या बाईंनी आजवर कधी पाहिल्या नव्हत्या. त्या पुढे सरकल्या आणि नीट बघू लागल्या.

तात्पर्य: हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायला शिकावं. तडीस नेणाऱ्यांची स्मारकं होतात. अर्धवट सोडणारे संध्याकाळी घरी जेवायला असतात.

(हे तात्पर्य गृहपाठाला लागू नाही.)